गळ्यांतील ग्रंथी आणि चिमूटभर आयोडीन

स्वित्झर्लंडमधील बर्न शहरीं १८७४ सालच्या जानेवारी महिन्यांत थिओडोर कोखर नांवाच्या एका तरुण शस्त्रवैद्यानें एका अकरा वर्षांच्या मुलीवर शस्त्रक्रिया केली. मुलीला गलगंड झाला होता. आल्प्स पर्वतांतील खोऱ्यांत हा विकार त्या काळीं इतका सर्रास होता कीं, गळ्याची गांठ ही तेथील लोकांना नवलाची वस्तु वाटतच नसे. कोखर यांनीं गांठीसह ती सबंध ग्रंथीच काढून टाकली. जखम उत्तम प्रकारें भरून आली, मुलगी घरीं गेली, आणि शस्त्रक्रिया यशस्वी झाली असें सर्वांनीं मानलें. पुढें तिच्या डॉक्टरानें कळविलें कीं, मुलीचा स्वभाव पार पालटला आहे. पूर्वींची हंसरी, चलाख मुलगी आतां सुस्त व चिडखोर झाली असून सक्ती केल्याशिवाय कामाला हात लावीत नाहीं. ह्या बातमीकडे त्या वेळीं फारसें लक्ष गेलें नाहीं. मुलगी आळशी झाली, एवढाच तिचा अर्थ झाला.

१८८२ सालीं जिनीव्हाचे शस्त्रवैद्य रेव्हर्डिन यांनीं अशाच तऱ्हेचा अनुभव सांगितला, तेव्हां कोखर यांना ती जुनी हकीकत आठवली. त्यांनीं आपले पूर्वींचे रोगी एकामागून एक परत बोलावले. ती मुलगीहि आली. तिची धाकटी बहीण, जी पूर्वीं तिच्यासारखीच दिसे, ती आतां वयांत येऊन निकोप, उंच तरुणी झाली होती. आणि थोरली मात्र ठेंगणीच राहिली होती. तिचा चेहरा सुजलेला होता, कातडी जाड व कोरडी झाली होती आणि बुद्धीला जडत्व आलें होतें. सबंध ग्रंथी काढलेल्या ज्या अठरा रोग्यांची तपासणी होऊं शकली, त्यांपैकीं सोळांमध्यें हींच लक्षणें कमीअधिक प्रमाणांत आढळलीं. १८८३ सालीं जर्मन शस्त्रवैद्यांच्या परिषदेपुढें कोखर यांनीं हा सारा वृत्तांत स्वतःच्या तोंडानें सांगितला व साध्या गलगंडासाठीं सबंध ग्रंथी ह्यापुढें काढावयाची नाहीं असें ठरविलें. १९०९ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें, तें ह्याच ग्रंथीसंबंधींच्या कार्याबद्दल.

ज्या ग्रंथीविषयीं हें घडलें, तिचें नांव अवटु ग्रंथी. इंग्रजी नांवानें ती घरोघरीं थायरॉइड म्हणून ओळखली जाते. गळ्याच्या पुढल्या बाजूस, श्वासनलिकेवर, पंख पसरून बसलेल्या फुलपांखरासारखी ती असते, आणि मोठ्या माणसांतहि तिचें वजन सुमारें वीस ग्रॅमच भरतें. ती तेथें कशासाठीं आहे, हें अनेक शतकें कोणासहि ठाऊक नव्हतें. सतराव्या शतकांत टॉमस व्हार्टन ह्या इंग्रज शारीरज्ञानें तिचें वर्णन केलें, तेव्हां गळ्याला, विशेषतः स्त्रियांच्या गळ्याला, सुबक गोलाई देणें हेंहि तिचें एक प्रयोजन असावें असा तर्क त्यानें केला होता. शोभेची म्हणून समजली गेलेली वस्तु काढून टाकतांच माणसाचें माणूसपणच कसें उणें होतें, हें कोखर यांच्या रोग्यांनीं जगाला दाखवून दिलें.

ह्या चमत्काराचें स्वरूप समजण्यास शरीरांतील दोन तऱ्हेच्या ग्रंथी ध्यानांत घ्याव्या लागतात. लाळेच्या किंवा घामाच्या ग्रंथींना नळी असते; त्यांत तयार झालेला रस त्या नळीवाटे ठराविक जागीं पोंचतो. दुसऱ्या जातीच्या ग्रंथींना अशी नळीच नसते. त्यांचा रस सरळ रक्तांत मिसळतो, व रक्ताबरोबर सर्व शरीरभर हिंडून दूरच्या एखाद्या अवयवाला काम करावयास लावतो. १९०२ सालीं लंडनमध्यें बेलिस व स्टार्लिंग ह्या दोघां शास्त्रज्ञांनीं अशा एका द्रव्याचा पुरावा प्रथम मिळविला. आंतड्याच्या अस्तरांतून निघालेलें एक द्रव्य रक्तावाटे स्वादुपिंडाकडे जातें व तेथील पाचक रस वाहूं लागतो, असें त्यांनीं दाखविलें. अशा द्रव्यांना स्टार्लिंग यांनीं १९०५ सालीं हॉर्मोन हें नांव दिलें. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ चेतविणें असा असून, मराठींतील संप्रेरक हा शब्दहि त्याच अर्थाचा आहे.

शरीरांत ह्या नलिकाहीन ग्रंथी अनेक आहेत. मेंदूच्या तळाशीं वाटाण्याएवढी पीयूषिका आहे; उंची वाढविणें, प्रसूतीनंतर दूध निर्माण करणें आणि इतर ग्रंथींवर देखरेख ठेवणें हीं तिचीं कामें होत. अवटु ग्रंथीच्या मागें तांदळाच्या दाण्याएवढ्या बहुधा चार परावटु ग्रंथी असतात. त्या रक्तांतील चुन्याचें प्रमाण संभाळतात. दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी संकटाच्या वेळीं हृदयाची गति वाढवितात. स्वादुपिंडांतील लहान लहान पुंजक्यांतून इन्सुलिन निघतें व तें साखरेचा विनियोग करतें. तें १९२१ सालीं टोरोंटो येथें बँटिंग व बेस्ट यांनीं मिळविलें आणि मधुमेहानें खात्रीनें मरणारीं मुलें त्यानंतर वाचूं लागलीं. ह्या सर्वांत कमीअधिक झालें कीं रोग उद्भवतो, हें सूत्र एकच आहे. तें अवटु ग्रंथीच्या चरित्रांत जितकें स्पष्ट दिसतें, तितकें क्वचितच दुसरीकडे दिसेल.

अवटु ग्रंथीचें काम थोडक्यांत सांगावयाचें तर शरीराची आंच राखण्याचें आहे. तिचा स्राव पुरेसा असला कीं प्रत्येक पेशींतील ज्वलन योग्य गतीनें चालतें. तो कमी पडला कीं माणूस सुस्तावतो, त्याला थंडी सोसत नाहीं, वजन वाढतें, केस गळतात, कातडी कोरडी पडते, मलावरोध होतो, स्त्रियांना विटाळ अधिक जातो आणि विचारहि जणूं चिखलांतून चालल्यासारखे मंद होतात. तो अधिक झाला कीं उलट प्रकार दिसतो: छाती धडधडते, हात कांपतात, घाम सुटतो, भरपूर खाऊनहि माणूस वाळत जातो आणि कित्येकांचे डोळे पुढें आल्यासारखे दिसतात. ह्या दुसऱ्या प्रकारचें वर्णन डब्लिनचे डॉक्टर ग्रेव्हज यांनीं १८३५ सालीं केलें व त्यांचेंच नांव त्या रोगास पडलें.

कमतरतेवर उपाय सांपडला तो १८९१ सालीं. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथील तरुण डॉक्टर जॉर्ज मरे यांनीं मेंढीच्या अवटु ग्रंथीचा अर्क काढून एका शेचाळीस वर्षांच्या बाईला टोंचला. ती वर्षानुवर्षें सुजून, सुस्त होऊन पडलेली होती. कांहीं महिन्यांत तिची सूज उतरली, बोलणें चपळ झालें आणि ती घरकाम करूं लागली. पुढें हेंच औषध ती पोटांतून घेऊं लागली. ती त्यानंतर अठ्ठावीस वर्षें जगली व १९१९ सालीं चौऱ्याहत्तराव्या वर्षीं वारली. तेवढ्या अवधींत तिच्या औषधासाठीं आठशें सत्तरांहून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी खर्ची पडल्या. त्या अर्कांतील मूळ द्रव्य, थायरॉक्सिन, अमेरिकेंत केंडॉल यांनीं १९१४ सालच्या नाताळच्या दिवशीं स्फटिकरूपानें वेगळें केलें, व त्याची घडण लंडनमध्यें हॅरिंग्टन यांनीं १९२६ सालीं उलगडली. त्याच्या प्रत्येक रेणूंत आयोडीनचे चार परमाणु असतात. आयोडीन नसेल तर थायरॉक्सिन बनतच नाहीं.

येथें गलगंडाचें कोडें सुटतें. पीयूषिका ही रक्तांतील थायरॉक्सिनवर नजर ठेवून असते. तें कमी झालें कीं ती आपला एक निरोप्या, म्हणजे अवटु ग्रंथीला चेतविणारें संप्रेरक, अधिक सोडते. पुरेसें झालें कीं हात आंखडते. परंतु अन्नांत आयोडीनच नसलें, तर हा हुकूम वाढतच जातो आणि बिचारी ग्रंथी कच्च्या मालावांचून नुसती राबते. सरपण संपलेल्या चुलीला कितीहि फुंकर घातली तरी जाळ होत नाहीं. फुंकणाऱ्याचे गाल मात्र फुगतात. तशी ती ग्रंथी फुगते व गळ्यावर दिसूं लागते. गलगंड म्हणजे ह्या निष्फळ श्रमाची खूण होय.

आयोडीनचा शोधहि योगायोगानेंच लागला. नेपोलियनच्या युद्धांच्या धामधुमींत, १८११ सालीं, बंदुकीच्या दारूला लागणारा सोरा करीत असतां कुर्त्वा ह्या फ्रेंच रसायनज्ञाला समुद्रशैवालाच्या राखेंतून जांभळ्या वाफा निघतांना दिसल्या. गलगंडावर जाळलेला स्पंज देण्याची रीत युरोपांत जुनी होती. त्यांतील गुण ह्या नव्या द्रव्याचाच असावा असें जिनीव्हाच्या क्वांदे यांनीं ताडलें व १८२० सालीं तें रोग्यांना दिलें. गुण आला, पण लोक तें मनास येईल तसें, वाटेल तितकें घेऊं लागले, कित्येकांना अपाय झाला, आणि औषधाला वाईट नांव पडलें. खुद्द अवटु ग्रंथींतच आयोडीन आहे, हें बाउमान यांनीं शतकाच्या शेवटास दाखविलें, तेव्हां कोठें त्या जुन्या तर्कास पाया मिळाला. मधल्या पाऊणशें वर्षांत किती मुलें मंदबुद्धि जन्मलीं असतील, ह्याची मोजदाद कोणीं ठेवली नाहीं.

खरा कस लागला तो शाळेंत. अमेरिकेंतील ओहायो संस्थानांत अ‍ॅक्रन नांवाचें गांव आहे. तेथें १९१७ सालीं डेव्हिड मरीन व किंबॉल यांनीं शाळेंतील मुलींना वर्षांतून दोनदां, कांहीं दिवस, पाण्यांतून थोडेंथोडें आयोडीन देण्यास आरंभ केला. घेणाऱ्या २१९० मुलींपैकीं केवळ पांच जणींची ग्रंथी वाढली. न घेणाऱ्या २३०५ मुलींपैकीं ४९५ जणींची वाढली. यापेक्षां बोलका पुरावा मिळणें कठीण. स्वित्झर्लंडमध्येंहि १९१८ च्या सुमारास बायर नांवाच्या खेड्यांतील डॉक्टरानें डोंगरांतील कुटुंबांना स्वतः आयोडीन मिसळलेलें मीठ वांटून पाहिलें होतें. १९२२ पासून त्या देशांत तसें मीठ रीतसर विकूं लागले. मिठाचीच निवड कां झाली, हें उघड आहे. श्रीमंत असो वा गरीब असो, मिठावांचून कोणाचें चालत नाहीं, आणि तें कोणी एका दिवशीं पोतेंभर खातहि नाहीं.

भारतांत हिमालयाच्या पायथ्याशीं हा विकार पुरातन आहे. गलगंड हा शब्दच मुळीं आयुर्वेदाच्या ग्रंथांतून आलेला आहे. डोंगरउतारावरील मातींतील आयोडीन बर्फाच्या व पावसाच्या पाण्यानें हजारों वर्षें धुपून जातें. तेथील धान्यांत, भाज्यांत व जनावरांच्या दुधांतहि मग तें उतरत नाहीं. डॉक्टर व्ही. रामलिंगस्वामी व त्यांचे सहकारी यांनीं १९५६ सालीं कांगडा खोऱ्यांतील सुमारें एक लाख वस्तीचे तीन भाग पाडले. शंभरांत अडतीसांच्या आसपास लोकांना तेथें गलगंड होता. दोन भागांना आयोडीनयुक्त मीठ पुरविलें, एकांत पोटॅशियम आयोडाइड व दुसऱ्यांत पोटॅशियम आयोडेट मिसळून; तिसऱ्या भागाला साधेंच मीठ दिलें. सहा वर्षांनीं पाहतां पहिल्या दोन भागांत गलगंडाचें प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहूनहि खालीं आलें होतें. तिसऱ्या भागांत तें होतें तेथेंच राहिलें. त्यानंतर तिसऱ्या भागासहि तेंच मीठ देण्यांत आलें, व तेथेंहि रोग ओसरूं लागला. १९६२ सालींच राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. ह्या प्रयोगाचा पुढील अहवाल १९७३ सालीं प्रसिद्ध झाला, व त्याच्या लेखकांत एम. जी. करमरकर हें एक मराठी नांवहि आहे.

परंतु हा रोग केवळ डोंगराळ मुलखाचा आहे ही समजूत पुढील पाहण्यांनीं खोटी ठरविली. देशांतील चारशेंहून अधिक जिल्हे तपासले, त्यांतील तीनशेंहून अधिक जिल्ह्यांत आयोडीनची उणीव आढळली, आणि महाराष्ट्रासह एकहि राज्य त्यांतून सुटलें नाहीं. शिवाय गळ्याची गांठ हा ह्या उणिवेचा दिसणारा अंश होय. न दिसणारा अंश अधिक दारुण आहे. गर्भाच्या पहिल्या तीन महिन्यांत त्याची स्वतःची अवटु ग्रंथी कामास लागलेली नसते. त्याच्या मेंदूची घडण आईच्या रक्तांतील थायरॉक्सिनवर चालते. आईलाच आयोडीन तोकडें पडलें, तर मुलाच्या बुद्धीचें, श्रवणाचें व चालण्याचें असें नुकसान होतें कीं, तें पुढें कोणत्याहि औषधानें भरून येत नाहीं.

ह्या आपत्तीवरील उपाय किती अल्प आहे, तें पाहिलें म्हणजे मन थक्क होतें. मोठ्या माणसाला दिवसाला दीडशें मायक्रोग्रॅम आयोडीन पुरतें. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. गर्भिणीला व अंगावर पाजणाऱ्या मातेला अडीचशें लागतें. सत्तर वर्षें जगणाऱ्या माणसाची जन्मभराची गरज हिशेबानें चार ग्रॅमहि भरत नाहीं. ती सारी चहाच्या एका चमच्यांत मावेल. परंतु जन्माची शिदोरी एकदम घेऊन ठेवतां येत नाहीं, कारण शरीर तिचा दीर्घकाळ सांठा करीत नाहीं. ती रोज, थोडीथोडी, यावी लागते.

म्हणूनच स्वयंपाकघरांतील मिठाच्या बरणीला महत्त्व आहे. आयोडीनयुक्त मीठ घट्ट झांकणाच्या बरणींत, कोरड्या जागीं, चुलीपासून दूर ठेवावें. उपवासाच्या दिवशीं सैंधव खाल्ल्यानें कांहीं बिघडत नाहीं; परंतु शुद्ध किंवा नैसर्गिक म्हणून बारमहा तेंच वापरण्याची जी आवड शहरांतून वाढली आहे, ती विचारपूर्वक तपासून पाहणें बरें. सैंधवांत बाहेरून आयोडीन मिसळलेलें नसेल, तर गरज भागेल इतकें तें त्यांत नसतें. आयोडीन मिळावें म्हणून मीठ अधिक खाणें हाहि चुकीचा मार्ग होय. रक्तदाबासाठीं मीठ कमी करावें हा वैद्यांचा सल्ला योग्यच आहे. जें थोडें खावयाचें तें आयोडीनयुक्त असावें, एवढेंच.

येथें एक भेद मात्र विसरतां कामा नये. अवटु ग्रंथीची प्रत्येक व्याधि आयोडीनच्या अभावानेंच होते असें नाहीं. शहरांतील स्त्रियांत आज जी ग्रंथीची मंदता आढळते, तिचें कारण पुष्कळदां निराळें असतें: शरीराची संरक्षक शक्तीच भ्रमिष्ट होऊन स्वतःच्या ग्रंथीवर हल्ला करते. जपानांतील हाशिमोतो यांनीं हा प्रकार १९१२ सालीं वर्णिला. त्यावर अधिक आयोडीन घेणें हा उपाय नव्हे. त्यानें अपायहि होऊं शकतो. तेथें थायरॉक्सिनची गोळीच लागते. ती सकाळीं अनशापोटीं, पाण्याबरोबर घ्यावी. चहा, लोहाच्या गोळ्या व चुन्याच्या गोळ्या तिच्यापासून दूर ठेवाव्या. दिवस गेल्याचें कळतांच भीतीनें ती बंद करणें ही मोठी चूक होय, कारण त्या वेळीं तिची गरज वाढते. डॉक्टरांना लगेच भेटून प्रमाण ठरवून घ्यावें.

तसेंच नवजात बालकाविषयीं. दोन ते चार हजार जन्मांमागें निदान एक बाळ असें जन्मतें कीं, त्याची ग्रंथी नसते किंवा काम करीत नाहीं. भारतांत हें प्रमाण याहून अधिक असल्याचें दिसतें. जन्मतः असें बाळ इतरांसारखेंच दिसतें. तें शांत निजतें, फार रडत नाहीं, आणि घरांतील माणसें त्याच्या गुणीपणाचें कौतुक करतात. १९७० नंतरच्या दशकांत कॅनडांतील क्वेबेक प्रांतांत टांचेच्या रक्ताच्या कांहीं थेंबांवरून हा दोष हुडकण्याची पद्धत सुरू झाली व पुढें ती अनेक देशांनीं उचलली. पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू झालें तर तेंच मूल चार मुलांसारखें वाढतें, शिकतें. काही महिने गेले तर गेलेली बुद्धि परत येत नाहीं. तेव्हां बाळंतिणीला घरीं आणण्यापूर्वीं ही तपासणी झाली काय, एवढें विचारण्याचें काम प्रत्येक घरांतील वडीलधाऱ्यांनीं अवश्य करावें.

आल्प्सच्या खोऱ्यांत जन्मतः खुंटलेल्या अशा माणसांना क्रेटिन म्हणत. हा शब्द ख्रिस्ती ह्या अर्थाच्या शब्दापासून निघाला असें भाषाशास्त्रज्ञ मानतात. हीं माणसेंहि आपल्यासारखींच आहेत, पशु नव्हेत, असें सुचविण्यासाठीं तो प्रथम योजला गेला असावा. पुढें तोच शब्द शिवी झाला. मराठी घरांतहि मंद, खुळी, आळशी हीं विशेषणें सहज तोंडांतून निघतात. अभ्यासांत एकाएकीं मागें पडलेली मुलगी, दिवसभर गळून जाणारी सून, दुलई पांघरून बसलेली आजी, यांच्याविषयीं तीं उच्चारण्यापूर्वीं रक्ताची एक साधी तपासणी करून घ्यावी. बर्नच्या त्या मुलीसंबंधींची बातमी आली तेव्हांच तिच्याकडे कोणी नीट पाहिलें असतें, तरीहि १८७४ सालीं तिला देण्यासाठीं वैद्यकाजवळ औषध नव्हतें. आज तें प्रत्येक औषधाच्या दुकानांत मिळतें.